बातमी वाचायला वेगळं शिक्षण कशाला? एका फिरत्या मजकुराला उत्तर

माध्यम साक्षरतेवरचा, म्हणजे बातमी पारखून वाचायला शिकण्यावरचा, एक मजकूर गेले काही दिवस पुन्हा पुन्हा समोर येतोय. त्याचा गोषवारा असा: ज्यांना बातमीदारी जमली नाही ते संस्था काढून इतरांना बातमी वाचायला शिकवतात, शिकल्यासवरल्या माणसाला खरं-खोटं आपोआप कळतं, त्याला याची गरज नाही, या संस्था मुलांना ‘आम्ही सांगू तेच खरं’ असं पढवतात, आणि शेवटी मुलं कशावरच विश्वास ठेवेनाशी होतात. शेवटचे दोन आरोप एकमेकांना छेद देतात. तरी चारही मुद्दे घेतो, कारण त्यातल्या एकात तथ्य आहे.

‘बातमीदारी जमली नाही’ हा आरोप ॲलन मिलर यांच्या कारकिर्दीशी ताडून पाहावा. मिलर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे शोधपत्रकार. अमेरिकी मरीन कोअरच्या हॅरियर विमानाच्या अपघातांत ४५ वैमानिकांचा जीव गेला होता. मिलर आणि त्यांचे सहकारी केव्हिन सॅक यांनी त्याचा माग काढला आणि त्या लेखमालेला २००३ चं पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं अमेरिकी पारितोषिक मिळालं. २००६ मध्ये मिलर मुलीच्या शाळेत सहावीच्या मुलांशी आपल्या कामाविषयी बोलायला गेले. नंतर मुलांची १७५ आभारपत्रं घरी आली. पत्रकारांनी वर्गात जायला हवं, ही कल्पना तिथून रुजली. २००८ मध्ये त्यांनी वर्तमानपत्र सोडून ‘न्यूज लिटरसी प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था काढली आणि २०२२ मध्ये तिचं प्रमुखपद दुसऱ्याकडे सोपवलं. ज्याला बातमीदारी जमत नाही त्याची ही कारकीर्द नव्हे. अशा संस्थांना पैसा कोण देतं, हे मात्र जरूर विचारावं. तो प्रश्न विचारायला त्याच शिकवतात.

आता दुसरा मुद्दा. तो ऐकायला सगळ्यांत पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच सगळ्यांत घातक. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी निवडले. इतिहासकार म्हणजे डॉक्टरेट केलेली, कागदपत्रांची छाननी करण्यात हयात घालवणारी माणसं. सगळ्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दाखवली. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ ही १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सभासद असलेली संघटना. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स’ हा २००२ मध्ये निघालेला छोटा गट. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला विरोध हे त्याच्या जन्माचं कारण. नावं इतकी सारखी की कुणीही गोंधळावं.

तथ्यतपासनीसांपैकी प्रत्येकाने अकॅडमीच अधिक विश्वासार्ह ठरवली. इतिहासकारांपैकी बरेच जण घुटमळले, त्यांना दोन्ही भरवशाच्या वाटल्या. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी चुकीचा कौल दिला.

फरक बुद्धीचा नव्हता, सवयीचा होता. विद्वान पान वरून खाली वाचत गेले. मांडणी नेटकी आहे का, भाषा शास्त्रीय आहे का, संदर्भ दिलेत का, हे त्यांनी पाहिलं. आणि हे सगळं तर बनवता येतंच. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांतच त्या पानावरून उठले, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि ही संघटना आहे तरी कोण, इतर लोक तिच्याबद्दल काय सांगतात, हे शोधू लागले. त्यांनी वाचलं कमी आणि कळलं त्यांना जास्त. नीट, मन लावून, शेवटपर्यंत वाच, असंच शाळा आपल्याला शिकवत आली. अनोळखी पानापुढे तीच चांगली सवय आपल्याला अडकवते. इथे आधी आजूबाजूला चौकशी करावी लागते, आणि ती कशी करायची हे पदवीसोबत आपोआप येत नाही.

‘आम्ही सांगू तेच खरं’ हा आरोप करणाऱ्याने माध्यम साक्षरतेचा एखादा धडा पाहिलेला नसावा. बातमी, मत, जाहिरात आणि प्रचार यांत फरक कसा करायचा? दाव्यामागे पुरावा कोणता? सांगणारा तिथे होता का? चूक झाली तर ती उघडपणे मान्य केली जाते का? धड्याचा भर या प्रश्नांवर असतो. या कसोटीवर नामवंत वर्तमानपत्रंही घासली जातात. १९८० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने आपल्या बातमीदार जॅनेट कुक यांनी लिहिलेली, हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या आठ वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. १९८१ मध्ये तिला पुलित्झर जाहीर झालं आणि मग उघड झालं की तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. पारितोषिक परत गेलं. पुढे वाचकांच्या तक्रारी पाहणारे लोकपाल बिल ग्रीन यांनी आपण कुठे कुठे चुकलो याचा सविस्तर अहवाल त्याच वर्तमानपत्रात छापला. पत्रकारितेची नीती म्हणतात ती मला या अहवालात दिसते. संपादकांनी मुलाची ओळख आधीच मागितली असती तर ती बातमी छापलीच गेली नसती, हे वाचकाला कळलं पाहिजे. हे शिकवणं म्हणजे कुणाची भलामण नव्हे.

राहिला संशयाचा मुद्दा. यात तथ्य आहे, आणि ते लपवणं मला पटत नाही. खोट्या बातम्या ओळखण्याच्या सूचना वाचायला दिल्या तर काय होतं, याचा अमेरिका आणि भारतातला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत, आणि भारतातल्या उच्चशिक्षित ऑनलाइन गटात, खऱ्या-खोट्या मथळ्यांतला फरक ओळखण्याची क्षमता वाढली. पण प्रस्थापित माध्यमांच्या खऱ्या बातम्यांवरचा विश्वासही थोडा घसरला. संशोधक डॅना बॉइड यांनी २०१८ मध्येच बजावलं होतं की ‘प्रश्न विचारा’ एवढंच शिकवलं तर खऱ्या माहितीवरचाही विश्वास उडवायला त्याचं हत्यार होऊ शकतं. म्हणून खोटं पकडण्याइतकाच वेळ खरं ओळखण्यावर द्यायला हवा: चांगली बातमी कशी उभी राहते, दुसरा स्रोत का शोधतात, ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन का करतात.

त्याच अभ्यासात उत्तर भारतातल्या ग्रामीण भागात मात्र त्या सूचनांचा काहीच परिणाम दिसला नाही. चार ओळींच्या सूचना तिथे पुरत नाहीत. तिथे समोरासमोर बसून, पुन्हा पुन्हा, लोकांच्या फोनवर त्या दिवशी जे आलंय तेच हातात घेऊन शिकवावं लागेल, आणि त्यासाठी आज आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं लागतील.