आईनं मग विसळला

सकाळी चहा ठेवून फोन उघडला, तर आमच्या क्रूझच्या ग्रुपवर कुणीतरी आईचा फोटो टाकलेला. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या ख्रिसमस बाजारात, कानटोपी घालून, हातातल्या बाटलीतलं पाणी ओतून उष्टा मग विसळतेय. खाली लिहिलंय, 'आमच्या काकू युरोपातही चिंधीगिरी सोडत नाहीत!' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग. इकडे चहा उतू गेला.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तिथे ग्लूवाईन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाईन, कागदी कपात देत नाहीत. चिनी मातीच्या जाड मगात देतात आणि मगाची अनामत आधीच कापून घेतात. मग परत दिला की पैसे परत. आईनं घेतलं होतं किंडरपुन्श, पोरांसाठीचं बिनदारूचं. पिऊन झालं, रिकामा मग परत करायला निघाली, आणि उष्टा कसा द्यायचा म्हणून आधी विसळला. एवढाच गुन्हा.

मग ठेवून घेतला तरी चालतो, ठाऊक आहे मला. चित्र सुंदर असतं, लोक हौसेनं जमवतात. जमवा की. पण परत देणारी बाई चिंधी कशी झाली? त्या रांगेत आमच्या पुढे चार-पाच जर्मन उभे होते, रिकामे मग घेऊन. त्यांचा फोटो नाही काढलात तो!

आणि बोलतंय कोण? जहाजावर रोज नाश्त्याची केळी पर्समध्ये कोंबणारी मंडळी. लाखो रुपये मोजून हाउप्टमार्क्टात, म्हणजे बाजार भरतो त्या चौकात, पोचलात आणि दोन तासांत काय पाहिलंत? लेबकुखनचे, म्हणजे तिथल्या मसालेदार बिस्किटांचे, डबे आणि स्वतःचे फोटो. आई त्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांखाली एकेका दुकानापाशी थांबत होती. सर्वांत जास्त रमली आलुबुखाराच्या बाहुल्यांपाशी. अक्रोडाचं डोकं, सुकवलेल्या आलुबुखारांचे हातपाय, आत तार. मला म्हणाली, "काही वाया घालवत नाहीत गं ही माणसं." 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात हे जुनं शहर बेचिराख झालं होतं आणि 1948 मध्ये बाजार पुन्हा भरायला लागला, हे आदल्या रात्री जहाजावर सांगितलेलं तिला नीट आठवत होतं. तुम्ही तेव्हा बारमध्ये होतात.

बरं, तिच्यामुळे बस दहा मिनिटं थांबली, मान्य. जहाज लागतं शहराबाहेरच्या बंदरात, परतायला बसच.

लिहिता लिहिता राग उतरतोय. कारण खरं सांगायचं तर त्या फोटोत कडेला एक हात दिसतो. आईचं कोपर धरून ओढणारा. तो माझा आहे. "आई, चल ना, लोक बघतायत," मी म्हणाले होते. कोण बघत होतं? टपरीवरच्या बाईनं तो ओला मग घेतला, शेजारच्या फडक्यानं पुसला, नाणी आईच्या तळव्यावर ठेवली आणि 'डांके' म्हणाली. आई म्हणाली, "असू दे." बघत होते ते आपलेच, आणि त्यांच्यात मी पहिली.

आमच्या चाळीत आरेच्या केंद्रावर दुधाच्या रिकाम्या बाटल्या परत द्यायच्या असत. आई त्या धुऊन, उपड्या घालून, निथळल्यावरच माझ्या हाती देई. एकदा मी कंटाळून तशीच दुधाळ बाटली नेली, तर परत पाठवलं होतं तिनं अर्ध्या जिन्यातून. तीच बाई, तोच हात. जागा तेवढी बदलली, आणि मला लाज वाटली.

ग्रुपवर मी तावातावानं लांबलचक लिहायला घेतलं होतं. त्याआधीच आईचं उत्तर येऊन पडलं. तिला त्यातली खोच कळलीच नाही, की कळून सोडून दिली, देव जाणे.

"फोटो छान आलाय. मगाला आतून साय धरली होती, म्हणून दोनदा विसळला."

किंडरपुन्शला कसली साय, आई!