निम्मं पाणी संपलं की माघारी फिरा, गड कुठे पळून जात नाही

मार्च उजाडला की ट्रेकचे मेसेज फिरायला लागतात आणि सगळ्यांत एक ओळ ठरलेली असते: "प्रत्येकी दोन लिटर पाणी आणा." राजमाचीसारख्या सोप्या ट्रेकला दोन लिटर आणि नळीच्या वाटेसारख्या अवघड चढालाही दोनच? मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

नळीची वाट बेलपाड्यातून, म्हणजे खाली कोकणातून निघते आणि कोकणकड्याच्या शेजारून हरिश्चंद्रगडावर चढते. जवळपास हजार मीटरचा चढ. उन्हाळ्यात खालचा ओढा कोरडा पडतो, कातळ तापतो आणि हवा दमट असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. अशा चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो. दोन लिटर कुठवर पुरणार? मी अशा वाटेला चार लिटरच्या खाली नेत नाही. सॅक जड होते, होऊ दे.

"वर टाक्यात मिळेल" यावर विसंबू नका. कातळात खोदलेल्या टाक्यांमुळेच गडांवर शिबंदी राहू शकली, हे खरं. पण या महिन्यात कुठल्या टाक्यात पिण्याजोगं पाणी आहे हे पायथ्याच्या गावातलाच माणूस सांगेल. निघण्याआधी त्याला फोन करा. आणि ते पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्या.

नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं. घामाबरोबर मीठ जातं. तासन्‌तास घाम गाळून वर साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो आणि बरोबरचे त्याला आणखी पाणी पाजतात! म्हणून सॅकमध्ये ओआरएसची पावडर हवीच, आणि लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच कालवायचं. खारे दाणे, मीठ-साखरेचं लिंबूपाणी, वाटेत एखाद्या मावशींकडे ताक मिळालं तर फारच उत्तम. आणि उन्हात कुणी बरळायला लागलाच तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला, मदत बोलवा.

ट्रेक लीडरना माझं कळकळीचं सांगणं आहे. परत फिरायची वेळ आपण घड्याळावर ठरवतो, ती पाण्यावरही ठरवा. कुणाचंही निम्मं पाणी संपलं आणि निम्मा चढ बाकी असेल, तर सगळ्यांनी फिरायचं. हे पायथ्याशीच सांगा, म्हणजे वर वाद होत नाहीत.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून कित्येक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्या हे लीडरला सांगत नाहीत, आणि मग दुपारी त्यांनाच चक्कर येते. तेव्हा आडोसा बघून थांबे घ्या, बाकीच्यांना पुढे पाठवा, एका बाईमाणसाला मागे थांबू द्या. आणि हे थांबे निघतानाच सगळ्यांना मोठ्याने सांगून टाका.