बंदी हातातल्या फोनवर आहे, बोलण्यावर नाही

मार्च 2025 मधली बातमी अनेकांना आठवत असेल. दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक लोणावळ्याच्या आसपास, धावत्या गाडीत, मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघत होता. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढून परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोचवला. चालकाला कामावरून काढलं आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला 5,000 रुपये दंड झाला. तेव्हा सगळा राग चालकावर निघाला, आणि तो रास्तच होता. मला मात्र दंडाचा तो आकडा अजून टोचतो. त्या गाडीची साधारण दहा तिकिटं. बसभर माणसांची जबाबदारी घेणाऱ्यांना एवढ्यावर सोडून दिलं.

त्यानंतर 'गाडी चालवताना फोन वापरण्यावर कायद्याने बंदी आणा' असं म्हणणारे बरेच जण भेटले. बंदी आहेच. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत हातात धरून वापरायची संपर्काची उपकरणं स्पष्टपणे आली. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर 10,000 रुपये दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्या राज्याने नवे दंड लागू करायला डिसेंबर 2021 उजाडवला: दुचाकीला 1,000, चारचाकीला 2,000, इतर वाहनांना 4,000. मधे 1 ऑक्टोबर 2020 पासून केंद्राने नियमात एक सवलत घातली, की रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येईल, पण चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये.

आता कलमातला शब्द नीट बघा. 'हातात धरून'. फोन स्टँडवर लावला, कानात इअरबड खुपसले, गाडीच्या ब्लूटूथवर घेतला, की बहुतेकांच्या मते विषय संपला. माझं भांडण इथे आहे. हात मोकळे झाले म्हणून डोकं मोकळं होत नाही.

1997 मध्ये टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या 699 मोबाइलधारक चालकांच्या फोन बिलातल्या नोंदी तपासल्या. अपघाताची वेळ आणि कॉलची वेळ ताडून पाहिली. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असल्याचं दिसलं, आणि हँड्सफ्री वापरणारे जास्त सुरक्षित असल्याचं काही दिसलं नाही. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीची आहे. ब्रिटनमध्ये हातातल्या फोनवर 2003 पासून बंदी आहे, मार्च 2022 पासून तर सिग्नलला थांबून फोटो काढला, गाणं बदललं तरी 200 पौंड दंड आणि परवान्यावर दंडाचे सहा गुण पडतात. तरी हँड्सफ्रीला तिथेही मुभा आहे. त्यांच्या संसदेच्या वाहतूक समितीने 2019 मध्ये हँड्सफ्रीवरही बंदीचा विचार करा असं सुचवलं होतं, सरकारने ते मनावर घेतलं नाही. म्हणजे मी मागतोय ते तिकडेही पूर्ण झालेलं नाही, हे मला माहीत आहे. पण शेजारच्याने केलं नाही म्हणून आपणही करायचं नाही, असं थोडंच आहे?

आणि ही समज आपल्याला परकी नाही. आपल्या एसटीत चालकाच्या केबिनजवळ वर्षानुवर्षं पाटी आहे: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. त्या पाटीत हाताचा उल्लेख नाही. बोलण्याचाच आहे. कोणीतरी अनुभवी माणसाने ते ओळखलं होतं, मोबाइल नावाची वस्तू देशात येण्याच्या आधी.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग शेजारी बसलेल्या बायकोशी, मित्राशी बोलतो ते? फरक मोठा आहे. शेजारचा माणूस तोच रस्ता बघतोय. खंबाटकीच्या वळणावर समोर कंटेनर दिसला की तो आपोआप गप्प होतो, कधी आपल्या आधी 'अरे, हळू' म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो प्रश्न विचारत राहतो, आणि आपण उत्तर द्यायच्या नादात राहतो. ताशी 80 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ऑफिसच्या एका प्रश्नावर पाच सेकंद मन गुंतलं, तर गाडी शंभर मीटरहून जास्त अंतर निव्वळ सवयीवर कापते. मेसेज वाचायला मान खाली घातली तर डोळेही त्यात गेले.

दुचाकीवर तर हे रोज दिसतं. हेल्मेटच्या आत फोन कोंबलेला, किंवा मान वाकडी करून खांद्याने दाबून धरलेला. मागे शाळेच्या गणवेशातलं मूल.

मग आकडे काय म्हणतात? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2021 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,53,972 माणसं मेली. त्यांतली मोबाइल वापरामुळे मेलेली: 1,040. शंभरात एकही नाही. रस्त्यावर तासभर उभं राहून बघितलेला कोणीही यावर विश्वास ठेवणार नाही. हा आकडा खरा धोका दाखवत नाही, फक्त नोंद झालेला धोका दाखवतो. अपघातानंतर फिर्याद लिहिली जाते ती ठरलेल्या शब्दांत: हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून. चालक स्वतःहून 'मी फोनवर होतो' सांगणार नाही. मेलेला सांगू शकत नाही. आणि फोनची नोंद मागवली गेली नाही तर कारण कायमचं 'अतिवेग' म्हणून बसतं. टोरांटोच्या संशोधकांनी जे 1997 मध्ये केलं, ते आज करणं पोलिसांना तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. चोरी-खुनाच्या तपासात कॉल रेकॉर्ड निघतातच. माणूस रस्त्यावर मेला तर का निघू नयेत? जीव गेलेल्या प्रत्येक अपघातात चालकाच्या कॉलची आणि डेटा वापराची वेळ तपासून पंचनाम्याच्या कागदांना जोडलीच पाहिजे. मेसेजमध्ये काय लिहिलं होतं ते कोणी वाचू नये, वेळ तेवढी पुरे. हे झालं तर विमा कंपन्या जाग्या होतील, वाहनमालक जागे होतील, आणि तो 1,040 चा आकडा खरा किती आहे ते कळेल.

पोटापाण्याचा मुद्दा मी बाजूला टाकू शकत नाही. जेवण, किराणा पोचवणारी मुलं, ॲपवरच्या रिक्षा-टॅक्सीवाले. त्यांची नवी ऑर्डर चालत्या गाडीवर येते, काही सेकंदांत स्वीकारली नाही तर हातची जाते, आणि नाकारण्याचा हिशोब ठेवला जातो. वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलाला चौकात हवालदार अडवतो, दिवसाची कमाई दंडात जाते. स्क्रीन बघायला लावणारी व्यवस्था ज्यांनी बांधली त्यांना काहीच होत नाही. गाडी धावत असताना ऑर्डर दाखवूच नये, थांबल्यावरच दाखवावी, ही अट सरकारने कंपन्यांवर घालायला हवी. वेग मोजायची सोय त्याच फोनमध्ये आहे. ट्रॅव्हल्सचे मालक, ट्रान्सपोर्टवाले, ऑफिसच्या गाड्या चालवणारे ठेकेदार यांनाही हेच लागू व्हावं. चालक गाडी चालवतोय हे माहीत असताना त्याला फोन करणारा सुपरवायझर या गुन्ह्यात वाटेकरी आहे.

कॅमेरे येताहेत, चांगलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर 2019 पासून चालकाच्या हातातला फोन टिपणारे कॅमेरे कामाला आहेत. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. पण चलन फाडलं की काम संपलं, असं झालंय. ई-चलनं थकतात, लोकअदालतीत सवलतीत मिटतात, लोक त्याची वाट बघत बसतात. पैसे असणाऱ्याला हजार-दोन हजारांचं काही वाटत नाही. परवाना जाण्याची भीती वेगळी असते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितलं होतं, की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. तुमच्या ओळखीत या कारणासाठी परवाना निलंबित झालेला एक तरी माणूस आहे का? मी विचारत आलोय, मला अजून भेटलेला नाही.

एक गोष्ट मात्र कायद्यावाचून आजपासून होऊ शकते. गणपतीला, दिवाळीला गावाकडे निघालेल्या माणसाला आपणच दर अर्ध्या तासाने फोन लावतो, 'कुठपर्यंत आलास?' काळजीपोटीच, पण तो कशेडी घाटात असतो. पलीकडून हॉर्नचा आवाज आला की 'पोचल्यावर बोल' म्हणून फोन ठेवून द्यावा. आमच्या घरी आता गाडीतल्या दुसऱ्या माणसालाच फोन करतात, चालक एकटाच असेल तर तो चहाला थांबेपर्यंत वाट बघतात. आईला सुरुवातीला जड गेलं, आता तीच इतरांना सांगते.

परिवहन आयुक्तांना देण्यासाठी मी निवेदन तयार केलंय. मागण्या तीनच आहेत: सर्व प्रवासी आणि मालवाहू वाहनांच्या चालकांना धावत्या गाडीत हँड्सफ्री कॉलवरही बंदी, जीवघेण्या प्रत्येक अपघातात फोनच्या वेळेची सक्तीची तपासणी, आणि परवाना निलंबनाचे आकडे दर महिन्याला जिल्हावार जाहीर करणं. ज्यांना मजकूर हवा त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. एसटीत, आरटीओत, वाहतूक पोलिसांत काम करणारे कोणी वाचत असतील तर कुठे काय चुकतंय, काय राहिलंय ते जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात ते द्यायचं आहे.