गाडी कुठेही उभी करा, छत्रीचं तोंड आग्नेयेलाच

मागच्या आठवड्यात कच्छमधल्या धोळावीराचे फोटो टाकले होते. त्यातल्या एकात पांढरं रण आहे, कडेला आमची गाडी आहे आणि गाडीपासून दहा-बारा पावलांवर ट्रायपॉडवर उभी केलेली डिशची छत्री आहे. सूर्यास्ताचे फोटो बाजूलाच राहिले, सगळ्यांनी त्या छत्रीबद्दल विचारलं. "एवढं लांब निसर्गात जायचं आणि तिथे टीव्ही लावून बसायचं?" एका जवळच्या मैत्रिणीच्या आवाजात तर नाराजीच होती. तिच्याशी तासभर बोलले. तेच इथे लिहिते आहे, कारण घरात म्हातारं माणूस आहे म्हणून फिरणं सोडून दिलेली निदान चार घरं बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातच मला माहीत आहेत.

आमच्या घरात आम्ही तिघं. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाईंना ८१ वं लागलंय. दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण हौस शाबूत आहे. हॉटेल त्यांना मानवत नाही. जिने, न्हाणीघरातल्या निसरड्या फरश्या, रोज नवी खाट. म्हणून आम्ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आरटीओत रीतसर नोंद करून तिची कॅरव्हॅन, म्हणजे मुक्काम करता येईल अशी गाडी, करून घेतली. आत त्यांचा पलंग, त्यांची उशी, त्यांचे देव. दिवसभर त्या माझ्यापेक्षा जास्त उत्साहात असतात. अडतं ते संध्याकाळी.

जानेवारीत कच्छमध्ये साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुसऱ्या दिवशी सात वाजून गेल्यावर उगवतो. जवळजवळ तेरा तास अंधार. आपण शेकोटीशी बसतो, तारे बघतो. ८१ वर्षांच्या बाईला त्या गार वाऱ्यात बसवत नाही, आणि डोळ्यांमुळे वाचनही होत नाही. घरी त्यांचा क्रम ठरलेला आहे: दिवेलागण, शुभंकरोति, सह्याद्रीवरच्या बातम्या, मऊ भात, थोडा वेळ गाणी, मग झोप. हा क्रम मोडला की त्या रात्रभर जाग्या राहतात आणि दुसऱ्या दिवशीचा प्रवास त्यांना झेपत नाही.

हे मी गाडी बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आता डिश कोण लावतं? स्मार्ट टीव्ही लावतो, मोबाइलच्या नेटवर सगळं दिसेल," असं उत्तर मिळालं. सेट टॉप बॉक्ससाठी साधा कप्पासुद्धा ठेवला नाही, आणि त्या टीव्हीचे पैसे मात्र चांगलेच लावले. पहिली मोठी सफर कच्छच्या पश्चिम टोकाला, लखपत आणि नारायण सरोवरची होती. लखपतच्या किल्ल्याबाहेर मुक्काम केला, टीव्ही लावला आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. नवऱ्याचा फोन, माझा फोन, दोन्ही लावून पाहिले. दुसऱ्या रात्री सासूबाई पलंगावर बसून होत्या, हातात जपमाळ होती पण जप चालला नव्हता. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "आपण घरी कधी निघायचं गं?" तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्तच लागलं. तिसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो.

मोबाइलचं नेट टॉवरवर चालतं आणि टॉवर वस्ती असते तिथे उभे राहतात. उपग्रहाला वस्तीशी काही देणंघेणं नाही. तो विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याला धरून फिरतो, म्हणून आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो. त्याला बडोद्याचा गजबजलेला रावपुरा आणि रण सारखंच. दूरदर्शनची फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. आमच्यासारख्या बडोद्याच्या मराठी घराला हवं ते सगळं त्यात आहे, मराठी सह्याद्रीही आणि गुजराती गिरनारही. छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स आणि वायर मिळून आम्हाला दोन हजारांच्या आत पडलं. स्मार्ट टीव्हीच्या बिलापुढे ही रक्कम काहीच नव्हती.

छत्री लावायला मला आमच्या भागातल्या एका वयस्कर डिशवाल्याने शिकवलं. आमच्याच गच्चीवर त्याने तीन वेळा जुळवून दाखवली, मग पूर्ण हलवून टाकली आणि म्हणाला, "हवे तमे करो, बेन." म्हणजे आता तुम्ही करा, ताई. सगळ्यात आधी त्याने दिशा सांगितली: अग्नि खूणो. आपला आग्नेय कोपरा, वास्तूत स्वयंपाकघराची म्हणतात ती दिशा. बडोद्याहून हा उपग्रह जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५५ अंश वर आहे. जसजसं पश्चिमेला जावं तसतसा तो खाली येतो. धोळावीराला सुमारे ५२, लखपतला ५१. तीन-चार अंशांनी काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण ६० सेंटीमीटरची छत्री आकाशाचा जेमतेम तीन अंशांचा तुकडा बघते. हात सरळ लांब करून करंगळी उभी धरली तर तिच्यामागे साधारण एक अंश झाकला जातो. तेवढ्या तीन करंगळ्यांत उपग्रह पकडायचा असतो. गच्चीवर जुळवलेली छत्री तशीच नेऊन रणात ठेवली तर पडदा काळाच राहणार.

नवख्या माणसाची चूक ठरलेली असते, छत्री फार मागे कलंडवण्याची. या छत्र्यांचा दांडा खालून येतो आणि एलएनबी मध्यावर नसतो. त्यामुळे छत्री दिसायला बरीच उभी वाटते, पण बघते मात्र वर. डोळ्यांवर विश्वास न ठेवता मागच्या पट्टीवरचे आकडे बघायचे. ट्रायपॉडचा दांडा ओळंब्यात हवा, नाहीतर ते आकडेही खोटे पडतात. एलएनबी तिरपा बसवावा लागतो, पण तो कोन बडोद्यात आणि कच्छमध्ये जवळजवळ सारखाच असतो. म्हणून मी एलएनबीवर आणि त्याच्या पकडीवर लाल नेलपॉलिशची एकेक रेघ ओढून ठेवली आहे. दोन रेघा समोरासमोर आल्या की तिकडे बघायचं नाही.

मग छत्री फिरवणं. इथे धीर लागतो. दिशा फोनमधल्या होकायंत्रावर बघायची, त्याला नेट लागत नाही, पण गाडीच्या पत्र्यापासून लांब उभं राहायचं. एक बोटभर सरकवायचं आणि थांबायचं. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. सरसर फिरवली तर उपग्रह समोरून निघून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आत सासूबाई पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचतात. "स्ट्रेंथ अठ्ठ्याहत्तर, क्वालिटी शून्य!" स्ट्रेंथचं काही खरं नसतं, वायर जोडली की ती थोडीफार दिसतेच. आणि आकाशात शेजारीच दुसरा उपग्रह आहे, तो मध्येच फसवतो. क्वालिटी बोलू लागली की आपण बरोबर जागी आलो. पहिल्यांदा रणात त्यांनी "क्वालिटी बासष्ट! थांब, थांब, हलू नकोस!" असं ओरडून सांगितलं तेव्हा माझे हात थरथरत होते.

वायर वीस मीटर घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. गाडी लिंबाखाली सावलीत हवी आणि छत्रीला मोकळं आकाश हवं. वायर आखूड असेल तर दोन्हींतलं एक सोडावं लागतं. ट्रायपॉडच्या मध्ये पाण्याचा वीस लिटरचा कॅन टांगायचा, कारण रणातला वारा रात्री उठतो. आणि खारटपणा! पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी चित्र तुटू लागलं, मी तासभर छत्रीच हलवत बसले. शेवटी वायरीच्या टोकाची पिन उघडली तर तांब्यावर हिरवट थर चढला होता. चाकूच्या पात्याने खरवडला, चित्र स्वच्छ. तेव्हापासून प्रत्येक जोडावर रबरी टेप असते. विजेचं फार नाही. २४ इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून चाळीस वॉटच्या आसपास घेतात, दिवसा गाडी चालली असेल तर तीन तास बघूनही बॅटरीला काही होत नाही.

चालत्या गाडीत उपग्रह धरून ठेवणाऱ्या महागड्या घुमटाच्या छत्र्याही मिळतात. मला त्या नकोत. गाडी चालत असताना खिडकी आहे.

आता त्या फोटोचा दिवस. २६ जानेवारी, खडीर बेटावर, धोळावीराच्या अलीकडे. सकाळी टीव्ही दारातल्या पायरीवर ठेवला, संचलन बघायचं म्हणून. शाळेचं झेंडावंदन आटोपून आलेली सात-आठ मुलं आधी लांब उभी राहिली, मग सतरंजीवर येऊन बसली. त्यांच्याबरोबर एक आजोबा होते, पूर्व कच्छच्या वागड भागातले. संचलन सुरू व्हायला वेळ होता. आजोबा सासूबाईंना म्हणाले, आज सकाळी पावणेनऊला आमच्याकडे सगळे क्षणभर गप्प होतात. २००१ ची २६ जानेवारी, भूकंपाची. अंजारमध्ये प्रभातफेरीला निघालेली मुलं गाडली गेली, भचाऊ जमीनदोस्त झालं. आजोबांच्या गावात कितीतरी दिवस वीज नव्हती. बाहेरचं जग आपल्याबद्दल काय म्हणतंय, कोण मदतीला येतंय, हे बॅटरीच्या रेडिओवर कळायचं, म्हणाले. आणि मग त्या छत्रीकडे बघून विचारलं, हे वीज नसताना चालतं का? मी बॅटरी दाखवली. त्यांनी ती वाकून नीट बघितली.

त्यावर सासूबाईंनी जे सांगितलं ते मी चोवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकलं. १९७५ साली सासरे नोकरीसाठी नडियादला होते. जवळच पीज नावाचं गाव आहे, तिथे टीव्हीचा मनोरा उभा राहिला होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला देशात उपग्रहावरून टीव्हीचा प्रयोग सुरू झाला, साइट म्हणतात तो. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत वर्षभर कार्यक्रम दाखवले, गावांत कोंबडजाळीच्या तीन मीटरच्या छत्र्या उभारून. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांचं काम आणि त्याआधीचं विक्रम साराभाईंचं स्वप्न. खेडा जिल्ह्यातल्या गावांना पीजच्या मनोऱ्यावरून दिसायचं, सामुदायिक संचांवर. सासूबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या, कडेवर माझा नवरा. त्या आजोबांना गुजरातीत सांगत होत्या, आम्ही बायका अंगणात गोधड्या घालून बसायचो, गुरांच्या रोगाविषयी सांगायचे ते सुद्धा बघायचो. आपल्याकडे शहरात टीव्ही नव्हता तेव्हा गावात आला होता, भाई.

मैत्रिणीला मी हेच सांगत होते. या देशात उपग्रहाचा टीव्ही जन्मला तोच दूरच्या गावांसाठी. शहरात तो नंतर आला. रस्ता संपतो तिथे, वीज जाते तिथे, टॉवर पोचत नाही तिथे चालावा म्हणून तो आकाशात नेला. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ जखाऊजवळ येऊन धडकलं. अशा वेळी वीज आणि मोबाइल एकदमच जातात. तेव्हा एक बॅटरी आणि नीट बांधून ठेवलेली छत्री घरात असली तर पाऊस ओसरताच बातमी कळते. मुसळधार पावसात मात्र सिग्नल जातो. बडोद्याच्या श्रावणात हे आपण सगळे जाणतो.

निसर्गाचं म्हणाल तर २६ जानेवारीसारखा दिवस सोडला तर आमच्या गाडीत दिवसा टीव्ही लागत नाही. संध्याकाळी दीड-दोन तास, आवाज दाराबाहेर जाऊ न देता. शेजारी दुसरा तंबू असेल तर सासूबाई कानाला हेडफोन लावतात, तेही त्यांनीच सुचवलं. त्या आत स्वस्थ असतात म्हणून आम्ही दोघं चांदण्यात निवांत चालून येतो. लखपतला आम्हाला ते जमलं नव्हतं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आपल्याकडेही गाड्या वाढताहेत. जागा आखणाऱ्यांना आणि गाड्या बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रत्येक गाडीच्या जागेला आग्नेयेकडचं आकाश मोकळं ठेवा, तिकडे पाण्याची टाकी किंवा कमान उभारू नका. गाडीत वायर आत घ्यायला एक भोक, बॉक्सला एक कप्पा, बारा व्होल्टचा एक सॉकेट द्या. डिश जुनी झाली असं म्हणून म्हाताऱ्या माणसांची संध्याकाळ काढून घेऊ नका.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लखपतला निघतोय. त्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो आणि चित्र जातं. हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर त्या मला छत्री हलवायला लावतील. त्यांनी औषधांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय: लखपत, ५१.