रंग फास्ट नाही

कपडे धुवायचं खातं माझ्याकडे आलं ते माझ्या इंग्रजीमुळे. "एवढं इंग्रजी येतं ना, मग मशीनवरची बटणं वाचा आणि लावा," असं बायको म्हणाली. मी वाचली आणि लावली. दोन वर्षं खातं तक्रारीविना चाललं.

त्या दोन वर्षांत माझ्या एका निळ्या शर्टाची मी जी बडदास्त ठेवली, ती स्वतःची कधी ठेवली नाही. त्याच्या कॉलरच्या आत चिकटलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कलर फास्ट'. रंग फास्ट, म्हणजे लवकर जाणारा. मला त्या शर्टवाल्यांचं कौतुक वाटलं. आपल्या मालाची खोड आपणच सांगून टाकणारे लोक आता राहिलेत कुठे? तेव्हापासून त्या शर्टाला वेगळी बादली, गार पाणी, हलका हात आणि वाळायला सावली. दोन वर्षांत रंग तसूभर उतरला नाही. श्रेय अर्थातच मी घेतलं.

मग घरात लाल टी-शर्ट आला. त्याच्यावर होतं, 'नॉट कलर फास्ट'. वाचून हायसं वाटलं. याचा रंग फास्ट जात नाही. गेलाच तर सावकाश, म्हातारपणी वगैरे जाईल. दिला मशीनमध्ये टाकून. सोबतीला पांढरी चादर, दोन अभ्रे आणि माझी सहा बनियनं.

पाऊण तासानं झाकण उघडलं. आत एकजात सगळं गुलाबी. चादर फिकट, अभ्रे त्याहून गडद आणि बनियनं तर जणू दुकानातूनच त्या रंगात आणलेली.

"नॉट फास्ट म्हणे!" मी ओरडलो. "आणि गेला किती फास्ट!"

मुलगी आली. तिनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, इथे फास्ट म्हणजे पक्का."

"फास्ट म्हणजे जलद."

"तेही."

"दोन्ही कसं असेल? एक जातंय, एक राहतंय!"

"इंग्रजीला विचारा," असं म्हणून ती निघून गेली. फास्ट. जुन्या अर्थानं नव्हे.

कारण जुना अर्थ घट्ट, पक्का, जागचा न हलणारा हाच आहे. शब्दकोश उघडला तेव्हा कळलं. जर्मनांनी 'फेस्ट' हा त्याचा भाऊ अजून त्याच अर्थाला बांधून ठेवलाय. इंग्रजांनी मात्र आपला मोकळा सोडला आणि तो पळायला लागला. पण पळताना जुना पत्ता काही सोडला नाही. 2021 च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात एक 400 मीटर लांबीचं जहाज आडवं होऊन सहा दिवस अडकून बसलं होतं. अशा अडकण्याला इंग्रजीत 'स्टक फास्ट' म्हणतात. माझ्यासारखा माणूस हे वाचून म्हणणार, वा, अडकलं तेही किती चटकन!

'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. मी इतकी वर्षं समजत होतो, पाठ टेकली की घोरायला लागणारा. 'फास्ट फ्रेंड' म्हणजे गाढ मित्र, आणि मी समजत होतो, ओळख होताच खांद्यावर हात टाकणारा. या दुसऱ्या समजुतीपायी मी एकदा पैसेही उसने देऊन बसलोय, पण तो विषय वेगळा.

उपाशी राहण्याचा 'फास्ट'सुद्धा याच घरातला. नेम घट्ट धरून ठेवायचा, म्हणून. रक्ताच्या 'फास्टिंग' तपासणीला जाताना मी नेहमी घाईत असतो, हा निव्वळ योगायोग.

घड्याळाची तर निराळीच तऱ्हा. आमचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं फास्ट आहे, गेली कित्येक वर्षं. म्हणजे कालही दहा, आजही दहा. नीट विचार केला तर त्याचा वेग अगदी बरोबर आहे. ते खरोखर फास्ट चालत असतं तर एव्हाना पुढच्या महिन्यात पोचलं असतं. कॅमेऱ्याची 'फास्ट लेन्स' याहून वरचढ. ती जागची हलत नाही, फक्त भरपूर उजेड आत घेते. धावपळ सगळी शटरची, नाव मात्र लेन्सचं. असे लोक ऑफिसातही असतात.

पण मला खरा घाम फुटला तो खोकल्याच्या वेळी. तीन आठवडे हटेना, म्हणून डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली. रिपोर्टवर शब्द होते 'ॲसिड फास्ट'. पुढचं वाचायचा धीर झाला नाही. पोटात ॲसिड होतंय आणि तेही फास्ट, एवढं मला पुरेसं होतं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "पुढचं वाचा. दिसले नाहीत, असं लिहिलंय." मग त्यांनी समजावलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली जगापुढे मांडला. तो ओळखण्याची झील आणि नील्सन या दोघांच्या नावाची एक रीत आहे. आधी काचपट्टीवर लाल रंग चढवायचा, मग ती ॲसिडनं धुवायची. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, हा जंतू मात्र लाल तो लालच राहतो. त्याच्या अंगावरच्या मेणचट आवरणात रंग धरून बसतो. म्हणून तो ॲसिड फास्ट.

मला जंतू नाहीत याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. एवढासा जंतू, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, तो लाल रंग घेतो तर ॲसिडनंही सोडत नाही. आणि तो टी-शर्ट साध्या पाण्यात शरण गेला! कापडाच्या रंगाला धुण्यातल्या पक्केपणासाठी 1 ते 5 अशी श्रेणी देतात. आमच्या टी-शर्टाला 1 दिला तरी तो लाडानं दिला म्हणायचा.

इंग्रजीवर मी बरेच दिवस चिडून होतो. जाणं आणि राहणं यांना एकच शब्द म्हणजे हद्द झाली. मग एका रविवारी ती गुलाबी चादर पुन्हा भिजवून, घासून आम्ही दोघं गच्चीत पिळायला उभे राहिलो. एक टोक माझ्याकडे, एक तिच्याकडे.

"अहो, जोरात धरा! निसटतंय."

मी जोरात धरलं. तेवढ्यात पाऊस आला.

"जोरात पळा! दोरीवरचे काढा आधी!"

मी चादर घेऊन जागच्या जागी उभा. जोरात धरायचं म्हणजे हलायचं नाही, जोरात पळायचं म्हणजे थांबायचं नाही, आणि शब्द एकच. इंग्रजांचंही हेच झालं होतं. घट्ट धरायचं ते जोर लावून, मग पळायचं तेही जोर लावून, आणि 'फास्ट' हळूहळू धरण्यातून सुटून पळण्यात गेला. हे मी बायकोला तिथेच सांगायला लागलो. दोरीवरचे कपडे तिनं एकटीनं काढले.

ती चादर आजवर सात वेळा धुतली. बनियनं त्याहून जास्त. गरम पाण्यात ठेवली, उन्हात टाकली, डाग घालवायची पावडरही वापरली. टी-शर्टावर दीड दिवस न टिकलेला रंग माझ्या बनियनांवर मात्र फास्ट बसलाय.