मराठी-कानडी ‘हजार वर्षांचं वैर’ कुठल्या पुराव्यावर?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: मराठी माणूस मूळचाच शूर आणि मानी, चिनी प्रवाशानेही तसं लिहून ठेवलंय, कानडी माणूस जन्मजात हेकट, दोघांचं वैर हजार वर्षांचं. आपली तरुण पोरं हे खरं धरून चालतात, म्हणून लिहितोय.

चिनी प्रवासी म्हणजे ह्युएन त्संग. महाराष्ट्रातले लोक मानी, उपकार न विसरणारे, अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेणारे, असं त्याने सातव्या शतकात लिहिलं हे खरंच. पण या लोकांचा राजा म्हणून तो सांगतो तो दुसरा पुलकेशी, बदामीचा चालुक्य! बदामी आज बागलकोट जिल्ह्यात आहे. ज्या वर्णनाने आपली छाती फुगते, त्यातला राजाच कर्नाटकातला.

शिवाय जुने दाखले सोयीपुरते काढू नयेत. उद्योतनसूरी या जैन आचार्याने ७७९ साली राजस्थानातल्या जालोरला ‘कुवलयमाला’ हा प्राकृत कथाग्रंथ पुरा केला. त्यात बाजारात जमलेल्या देशोदेशींच्या लोकांचं वर्णन आहे. तिथले मरहट्टे काटक, सावळे, सोशिक, अभिमानी आहेत आणि त्याच ओळीत भांडखोरही आहेत. हेही आपल्या रक्तातलं मानायचं का?

आता वैर. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ हे मराठी अक्षर कोरलंय. त्याच पायांशी तीच गोष्ट कन्नड आणि तमिळमध्येही आहे. आपल्या विठ्ठलाला ज्ञानेश्वरांनी ‘कानडा’ म्हटलं. मराठी रंगभूमीचंच बघा ना. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या पटवर्धनांना आवडले, तसं मराठीत करायला त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. पुढे संगीत नाटक गाजवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर गुर्लहोसूरचे, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. घरात मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले, सुळेभावीच्या कानडी घरातल्या कुमार गंधर्वांनी मराठी कानांवर राज्य केलं.

सीमाप्रश्न मात्र खरा आहे, आणि आपलं दुखणंही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सगळं गेल्या सत्तर वर्षांतलं. त्यातली आपली बाजू मी सोडणार नाही. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, हे राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात आहे. ग्रुपवर काही फिरवायचंच असेल तर ते कलम फिरवा.