बेलग्रेडचं रेगे आणि उसनवारीचा आरोप: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

सर्बियातल्या रेगे बँडांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून तिची बोळवण करणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रेगे हे जमैकातलं, गुलामगिरीच्या इतिहासातून आलेलं काळ्या माणसांचं संगीत, तेव्हा गोऱ्या सर्ब पोरांनी जटा वाढवून ते वाजवणं ही निव्वळ उसनवारी. शिवाय ज्यांच्या नावावर स्रेब्रेनित्साचं हत्याकांड आहे त्यांनी प्रेमाची नि शांतीची गाणी गाणं म्हणजे ढोंग. आणि मोजून चार बँड, त्याला ‘वाढ’ कसली म्हणायची?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतोय.

फक्त अस्सल रेगे वाजवणारे बँड मोजायचे तर यादी खरंच लहान आहे. देल आर्नो बँड १९८६ साली बेलग्रेडमध्ये सुरू झाला. योव्हान मातिच त्याचा गायक. अख्ख्या युगोस्लाव्हियातल्या पहिल्या रेगे बँडांमध्ये त्याचं नाव घेतात. १९८९ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली आणि पुढे देश तुटला, चलन कोसळलं, सरकारं गेली, तरी हे लोक वाजवत राहिले. त्यांच्याइतकं चिवट दुसरं नाव मला तरी दिसत नाही.

पण सर्बियात रेगे वाढलं ते दुसऱ्यांच्या संगीतात शिरून. १९८१ साली ‘पाकेत आरांझमान’ हा बेलग्रेडच्या तीन नव्या बँडांचा एकत्र अल्बम निघाला. त्यातल्या शार्लो अक्रोबाता या बँडने पंकमध्ये रेगे आणि स्काचे (रेगेच्या आधीचं जलद जमैकन संगीत) ठोके मिसळले होते. म्हणजे देल आर्नोच्या आधी पाच वर्षं ही लय तिथल्या कानांवर पडलेली होती. ती थेट जमैकाहून आली नव्हती, लंडनच्या पंकवाल्यांच्या मार्फत आली होती. नंतर डार्कवुड डब आले, त्यांच्या नावातच डब आहे, म्हणजे रेगेतून निघालेला, बास आणि प्रतिध्वनी पुढे आणणारा प्रकार. १९९१ मध्ये कांदा, कोजा ई नेबोयशा आले, ते फंक, रॉक आणि रेगे एकाच गाण्यात घालून मोकळे होत. यातला कुठलाच बँड तुमच्या मोजणीत येणार नाही. माझ्या मोजणीत येतो, आणि ‘वाढ’ म्हणालो ती हीच.

मग १९९४ साली आइजबर्न सुरू झाला. त्यांच्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण तुमच्या उसनवारीच्या आरोपाला खरं उत्तर तिथे आहे.

रेगेच्या ‘वन ड्रॉप’ तालात चार मात्रांपैकी पहिली मोकळी सोडतात, ड्रमचा ठोका तिसरीवर पडतो. सम रिकामी ठेवून गाणं पुढे जावं तसं आपल्या कानाला वाटतं. हार्डकोर पंकमध्ये मोकळं काही सोडतच नाहीत, सगळी जागा आवाजाने भरून टाकतात. आइजबर्नने या दोन्ही गोष्टी एका गाण्यात आणल्या. आधी भिंत कोसळल्यासारखी गिटार, मग अचानक ती थांबते, बास आणि ड्रम उरतात आणि वरून ट्रॉम्बोन येतो. तो ट्रॉम्बोन वाजवणारा नेमान्या कोयिच, म्हणजे हॉर्न्समन कोयोटी, गातोही तोच. ही नक्कल कुणाची? जमैकाची म्हणावी तर जमैकात असं काही नव्हतं. पंक आणि रेगेचा मेळ वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्सने आधी घातला होता हे खरं, पण त्यांच्यात ट्रॉम्बोन नव्हता. सर्बियात पितळी वाद्यांचं वेड आहे. गुचा गावात ट्रंपेटवाल्यांचा मेळा १९६१ साली सुरू झाला. त्या ब्रास बँडांमध्ये जाड बाजे ठोका धरतात आणि मधले बाजे दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत सूर देतात. रेगेची गिटार जवळपास तेच करते. कोयिचने ट्रॉम्बोन गुचामुळे उचलला असा माझा दावा नाही. पण ऐकणाऱ्यांना मधल्या मात्रेवरचा सूर परका वाटला नसणार, एवढं मी म्हणेन.

त्यांचा ‘डॉग लाइफ’ हा अल्बम १९९८ चा आणि ‘फूल कंट्रोल’ २००० चा. २००४ साली सोलफ्लाय या मेटल बँडच्या ‘प्रॉफेसी’ अल्बममधल्या ‘मोझेस’ या गाण्यात आइजबर्न आहेत. सोलफ्लायचा म्होरक्या, ब्राझीलच्या मॅक्स काव्हालेराला रेगे हवं होतं आणि त्यासाठी तो जमैकाला न जाता बेलग्रेडवाल्यांकडे वळला. उसनवारी करणाऱ्याच्या दारात सहसा कुणी मागायला येत नाही.

आता काळाकडे बघा. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले. पेट्रोल रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्यांतून विकलं जाऊ लागलं. १९९३ मध्ये पाचशे अब्ज दिनारची नोट छापली गेली, तिच्यावर चित्र होतं कवी झ्मायचं. (कवीच्या नशिबी काय काय येतं!) जानेवारी १९९४ चा महागाईचा दर महिन्याला ३१ कोटी टक्क्यांच्या वर होता. टीव्हीवर टर्बोफोक (लोकसंगीत आणि डान्सच्या ठोक्यांचं भडक मिश्रण) चालू, सोन्याच्या साखळ्या आणि मोठ्या गाड्या. आइजबर्न याच वर्षी उभा राहिला. सीमेपलीकडे दौरा काढायचा तर व्हिसा मिळवणं ही मोठी मारामार, आणि शेंगेन देशांत बिनव्हिसाचं जाणं सर्बियाच्या लोकांना डिसेंबर २००९ मध्ये जमलं. अशा कोंडलेल्या शहरात कुणी ‘बॅबिलॉन’विरुद्ध, म्हणजे रेगेच्या भाषेत जुलमी सत्तेविरुद्ध, गायला लागलं तर त्याला त्या बॅबिलॉनचा पत्ता विचारायला किंग्स्टनला जावं लागत नव्हतं.

गुलामगिरीच्या इतिहासाशी मी याची बरोबरी करत नाही. ती होऊच शकत नाही. पण दुसऱ्याच्या दुःखातून जन्मलेला बाज आपल्या अडचणीत वापरला की चोरी होते, असं म्हणायचं तर खुद्द जमैकाचं रेगेही अडकेल, कारण ते अमेरिकन रेडिओवरच्या ऱ्हिदम अँड ब्लूजवर वाढलं. आणि रागावू नका, पण तुमच्या प्रोफाइलवर गोवा सनस्प्लॅश या रेगे महोत्सवातला फोटो आहे. तिथेही बऱ्याच जटा दिसतायत.

जाता जाता एक गंमत. रेगेशी जोडलेल्या जमैकन पंथाचे लोक, म्हणजे रास्ताफारी, ज्याला देव मानतात तो इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी १९५४ साली युगोस्लाव्हियाला गेला होता, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेसाठी पुन्हा खुद्द बेलग्रेडमध्ये होता. नेहरूही त्याच परिषदेत होते. जमैकाला सेलासी गेला तो त्यानंतर, एप्रिल १९६६ मध्ये. यातून बेलग्रेडचं रेगे जन्मलं नाही, पण ‘सर्बियाचा आणि या सगळ्याचा संबंध काय’ असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

उरला ढोंगाचा मुद्दा. तो सगळ्यात जड आहे आणि इथे मी तुमच्या बऱ्याच जवळ आहे.

जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणारं सैन्य बोस्नियातल्या सर्बांचं होतं, पण बेलग्रेडचे हात त्यामुळे कोरडे राहत नाहीत. वंशसंहार रोखण्याची जबाबदारी सर्बियाने पाळली नाही, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये दिला. या सगळ्यात रेगेवाले काय म्हणत होते? बॅबिलॉन. बॅबिलॉन म्हणजे कोण? सर्बियाचा तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविच, पोलीस, अमेरिका, नाटो, पैसा, ज्याला जो हवा तो. या शब्दाची सोय अशी की गाणारा सत्तेच्या विरोधात असतो, पण आपल्याच लोकांनी काय केलं याचं नाव घ्यावं लागत नाही. १९९९ मध्ये नाटोचे ७८ दिवस बाँबहल्ले झाल्यावर तर ही सोय आणखी वाढली, कारण आता बॅबिलॉन वरून विमानातून येत होता. नाव घेऊन युद्धाविरुद्ध बोलण्याचं काम तिथल्या रॉकवाल्यांनी केलं. १९९२ मध्ये एकातारिना व्हेलिका, एलेक्त्रिच्नी ओर्गाझाम आणि पार्तिब्रेयकर्स या बँडांच्या लोकांनी रिमतुतितुकी या नावाने ट्रकवर चढून बेलग्रेडच्या रस्त्यांतून युद्धविरोधी गाणं वाजवलं. त्या धाडसापुढे रेगेचं ‘जाह’ (रास्ताफारींचा देव) वगैरे मला मवाळ वाटतं.

पण मवाळ म्हणजे ढोंगी नव्हे. सरकार आणि त्याच्या हद्दीतला गायक यांना एकच समजलं तर त्या ट्रकवरच्या लोकांनाही ढोंगी म्हणावं लागेल. ते तुम्हीही म्हणणार नाही.

२००८ च्या ऑगस्टमध्ये सर्बियाच्या बानात भागातल्या बानात्स्की सोकोलात्स या खेड्यात, रॉक महोत्सवाच्या मध्यरात्री, बॉब मार्लीच्या पुतळ्याचं अनावरण झालं. ते केलं देल आर्नोच्या मातिचने आणि क्रोएशियाचा गायक दादो तोपिचने मिळून. पुतळा घडवणारा क्रोएशियाच्या राजधानीचा, झाग्रेबचा. तुम्ही याला ‘पोरखेळ’ म्हणालात. थोडा आहेच, त्याच भागात झितिश्ते गावाने आदल्या वर्षी रॉकी बाल्बोआ या सिनेमातल्या बॉक्सरचा पुतळा उभा केला होता. पण युद्ध संपून तेराच वर्षं झाली होती, आणि एक सर्ब नि एक क्रोएट मिळून ज्याच्यावरचं कापड ओढतील असा इतिहासातला स्थानिक माणूस शोधून दाखवा. मला सापडत नाही.

आज ही लय तिथे मुख्य प्रवाहात आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या एस.ए.आर.एस. या बँडने रेगे, हिप-हॉप आणि लोकसंगीताची सरमिसळ करून ‘बुजाव्ह लेबात्स’ हे गाणं घरोघरी पोचवलं. त्यांना रेगे बँड म्हटलं तर मातिचच्या पिढीतले काही जण नाक मुरडतील. मुरडू देत.

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढं सगळं असेल तर ऐकू काय. ‘फूल कंट्रोल’ने सुरुवात करू नका, तुमचा राग पहिल्याच गाण्यात दुप्पट होईल. आधी देल आर्नोची नव्वदच्या दशकातली गाणी ऐका. ती सर्बियनमध्ये आहेत, म्हणजे जमैकन उच्चारांच्या नकलेचा तुमचा आक्षेप तिथे लागू होत नाही. मग ‘पाकेत आरांझमान’मधली शार्लो अक्रोबाताची चार गाणी, आणि त्यानंतर आइजबर्न, चांगल्या हेडफोनवर, कारण मोबाइलच्या स्पीकरवर बासच ऐकू येत नाही. ऐकून झाल्यावरही उसनंच वाटलं तर पुन्हा लिहा, कुठल्या गाण्यात वाटलं तेवढं मात्र सांगा.